रिकामा दरबार

हरणगडचे सरकार कुणासाठी गादीवरून उठत नसत. गोरा साहेब आला तरी बसूनच हात पुढं करत. उठत ते फक्त आईसाहेबांसाठी, आणि त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

त्याच आईसाहेबांवर बोलपट काढायचं सरकारांच्या मनात आलं. कॅमेरेवाल्या यमाजी जिनगराला बोलावून त्यांनी अट घातली, "दरबाराच्या प्रसंगात आईसाहेब आल्याच पाहिजेत. पण कुणा नटीनं त्यांचं सोंग घेतलेलं आम्हाला खपणार नाही. जमलं नाही तर तुमच्या स्टुडिओला कुलूप."

"जी सरकार," म्हणून यमाजी निघाला.

तीन महिन्यांनी राजवाड्यातच बोलपट लागला. पडद्यावर दरबार भरला. दारात कुणीच नव्हतं, पण जोडव्यांचा आवाज येऊ लागला. दारातल्या समईची ज्योत जरा कलली आणि पुन्हा सरळ झाली. मग शेवटच्या रांगेतले फेटे वाकले, मग त्यांच्या पुढचे. उभ्या जोंधळ्यातून वारा यावा तसे रांगेमागून रांग वाकत आले. जोडवी अगदी पुढ्यात येऊन थांबली.

दिवे लागले. सरकारांचा आवाज चढला, "जिनगर, आईसाहेब कुठं दिसल्या? तिथं तर कुणीच नव्हतं."

यमाजीनं लवून मुजरा केला. "नसेल सरकार. मग आपण उभे कुणासाठी आहात?"

सरकारांनी वळून मागच्या रिकाम्या गादीकडं पाहिलं. बसले मात्र नाहीत.