पोरं बसवायची कुठं?

सोनखांबच्या राजेसाहेबांनी गावची शाळा पाडली, आणि पाडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आत मुलं असतात. त्या दिवशी नव्हती, सुट्टी होती. पण सुट्टी संपल्यावर ती पुन्हा येणार, हे कुणी धरलंच नव्हतं.

नव्या शाळेच्या नकाशात बाकी सगळं होतं. हत्ती अंबारीसकट आत येईल एवढी कमान होती, दोन कारंजी होती, आणि मधोमध खुद्द भैरोजीराव महाराजांचा पुतळा होता. पुतळ्याचं नाक कसं असावं याचा निर्णय होत नव्हता, म्हणून पाया खणायचं काम थांबलं होतं. तोवर मुलांनी शिकायचं कुठं, असं विसाजी गुरुजींनी भर दरबारात विचारलं, तेव्हा महाराजांना रागच आला. एवढं मंगल कार्य काढलंय आणि हा माणूस अडचणी काढतो!

तरी त्यांनी सगळ्या खात्यांना विचारून पाहिलं. कोठाराचा कारभारी म्हणाला, धान्याची मोजणी अडेल. हत्तीखान्यातून उत्तर आलं की हत्तीला गोंगाट सोसत नाही. पुजाऱ्यांनी देवाच्या झोपेचं कारण पुढे केलं, आणि तालमीच्या वस्तादांनी तर मुलं पाहिली की पैलवान लाजतात असं सांगितलं. शेवटी महाराज हट्टाला पेटले. त्यांनी हुकूम काढला की मुलांच्या डोक्यावर छप्पर हवं, पण राज्यात कुणाच्याही कामाचा खोळंबा होता कामा नये. अशी जागा येत्या अष्टमीपर्यंत सापडली तर ठीक, नाहीतर इमारत उभी राहीपर्यंत शाळा बंद. म्हणजे त्या नाकाचं काय ते ठरून, पुढे चार भिंती उठेपर्यंत.

दरबारात गालिचे अंथरणारी झेलूबाई हे सगळं खांबाआडून ऐकत होती. तिची सगुणा नुकती कुठं जोडाक्षरं वाचायला लागली होती. शाळा बंद झाली की पोरगी मुदपाकखान्यात लसूण सोलायला जाणार हे ठरलेलं होतं, आणि तिकडे गेलेली पोरगी पुन्हा पाटीकडे वळल्याचं झेलूबाईनं कधी पाहिलं नव्हतं. तशीच ती पुढे झाली आणि जागा मी शोधते म्हणाली. दरबारी मंडळी तोंडाला उपरणं लावून हसली. प्रधान अंताजीपंतांनी बजावलं की जागा मिळाली नाही तर तिची चाकरीही गेली समजायची. झेलूबाईनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या गल्ल्यांत दिवसा मुलं दिसेनाशी झाली. इकडे दरबारात महाराजांचं मन मात्र जास्तच रमू लागलं. त्या दरबाराची एक रीत होती. महाराज सिंहासनावर बसले की सगळ्यांनी माना खाली घालून गालिच्याकडे बघायचं, आणि महाराजांचं बोलणं संपलं की एका सुरात वाहवा करायची. महाराज ती डोळे मिटून ऐकत, कारण थोर राजे असंच ऐकतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अलीकडे ही वाहवा चांगली भरदार येऊ लागली होती. तिच्यात ताल होता, दम होता, आणि ती लवकर संपतही नसे.

अष्टमीला महाराजांनी झेलूबाईला बोलावलं आणि जागेचं काय झालं म्हणून विचारलं, आणि सवयीप्रमाणे डोळे मिटून घेतले.

"मिळाली, महाराज," ती म्हणाली. "हुकूम झाला त्येच्या दुसऱ्या दिसापासनं पोरं थितंच शिकत्यात. सरकारांनी डोळं उघडून समद्यांत मागं बघावं."

महाराजांनी डोळे उघडले. दरबाऱ्यांनी माना वळवल्या, आणि कित्येकांच्या माना कडकडा वाजल्या. शेवटच्या रांगेमागे मांडीवर पाट्या घेऊन अख्खी शाळा बसली होती. मधे बसलेले विसाजी गुरुजी चटकन उठून उभे राहिले. गालिचे आणायच्या मागच्या दारानं मुलं रोज आत येत होती. पाटीवरचं लिहिणं गुपचूप चालायचं, आणि पाढे गुरुजी नेमके वाहवेच्या वेळी म्हणून घ्यायचे. खाली मान घातलेल्या दरबाऱ्यांना वाटलं, स्तुतीची ही नवी तऱ्हा निघाली असेल. मागे पडायला नको म्हणून तेही सूर धरत गेले.

प्रधान संतापून उठले. दरबाराच्या कामात एवढा मोठा खोळंबा झाला, हुकूम मोडला, असं म्हणत त्यांनी झेलूबाईला शिक्षा मागितली.

"कोणतं काम अडलं, त्येवढं एक सांगा, पंत," झेलूबाई म्हणाली. "ह्या घडीला पोरं उठवते."

पंतांनी सांगण्यासाठी तोंड उघडलं. मग सेनापतींकडे पाहिलं. सेनापती गालिच्याकडे बघत होते. खजिनदारांना काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण ते नुसतेच खोकले.

महाराजांनी पंतांना विचारलं की मुलांचा आवाज तुमच्या कानावर कसा आला नाही? पंत शपथेवर म्हणाले की एक अक्षर ऐकलं नाही, आपलं सगळं ध्यान महाराजांकडे होतं.

"सतरा पंचे?" महाराजांनी विचारलं.

"पंच्याऐंशी," पंत बोलून गेले. कुणी विचारलेलं नसताना सेनापतींनी पुढचंही म्हणून टाकलं.

महाराजांना आधी हसू आवरता येत होतं, मग येईना. पगडी सावरत त्यांनी फर्मावलं की शाळा उभी राहीपर्यंत मुलं इथंच बसतील. पण झेलूबाईला पेचात धरायची हौस काही जाईना.

"आणि मग आम्ही दरबार भरवायचा कुठं?"

"शाळेच्या जागंवर, महाराज. थितं गवंडी हायेत. काम कसं असतं ते मंडळींना बघाय तरी मिळंल."

महाराज इतके हसले की मुलंही हसायला लागली. त्यांनी अंताजीपंतांच्या कमरेची दरबारदालनाची किल्ली काढून घेतली आणि झेलूबाईच्या हातात दिली. सगुणाचं नाव दालनातल्या पहिल्या रांगेत लागलं.

दुसऱ्या दिवशी दरबार उघड्यावर, मातीच्या ढिगांत भरला. ऊन चढलं, पगड्यांवर धूळ बसली, आणि पुतळ्याच्या नाकाचा निर्णय दुपारच्या आत झाला. पुतळाच नको असं ठरलं, आणि त्याच संध्याकाळी पाया खणायला सुरुवात झाली.