आतला कॅमेरा की बाहेरचा?

दादासाहेब मगदुमांच्या शेडमध्ये बायका उडदाचे पापड लाटायच्या आणि अंगणात वाळत घालायच्या. पापड कमी भरायला लागले, तसा दादासाहेबांनी कॅमेरेवाला बोलावला.

त्यानं घुमटाच्या आकाराचे दोन कॅमेरे पुढं ठेवले. "हा ऊन-पाऊस सोसणारा, अंगणात लावायचा. हा नाजूक, आत छताला. कुठला बसवू?"

"आतला!" दादासाहेब गरजले. "चोर आतच हाय. ह्या बायकांवर डोळा पाहिजे. जिला पटत नसंल तिनं लाटणं खाली ठेवावं आन् घरी जावं."

बायकांचे चेहरे उतरले. चोर म्हणवून घेऊन पापड लाटायचे, की घरची चूल बंद ठेवायची? सगळ्यांत जुन्या सुगलाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती दादासाहेबांच्या हाताकडं बघत होती. हात सवयीनं लाट्यांच्या पातेल्यात गेला. एक लाटी उचलली, तेलात बुडवली, तोंडात टाकली. बोलता बोलता दुसरीही गेली.

"भाऊ," सुगलाक्का कॅमेरेवाल्याला म्हणाली, "तू बाहेरचाच बसव. आतला चोर आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसतोय की!"

शेडभर हसू फुटलं. दादासाहेबांना तोंडातली लाटी गिळवेना आणि थुंकवेना.

"बाहेरचाच बसव," ते कसेबसे म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यात अंगणातला चोर सापडला. ती दादासाहेबांचीच लाडकी शेळी निघाली.

"तिला रागावू नका मालक," सुगलाक्का म्हणाली. "घरचं वळण उचललंय बिचारीनं."