पोहता न येणारी तुळसा आणि पोवळ्याची बाग

एक होती तुळसा. ती काही राजाची राणी नव्हती की प्रधानाची लेक नव्हती. घाटावरच्या एका उघड्याबोडक्या माळावर वाढलेली साधी पोर. लहानपणी एकदा ती भरलेल्या विहिरीत पडली होती. दोर सोडून तिला वर काढली खरी, पण तेव्हापासून पाणी ढोपराच्या वर चढलं की तुळसाचा जीव गळ्याशी यायचा.

आणि नशीब कसं असतं बघा. तिचं लग्न झालं ते थेट समुद्राच्या काठी. नवऱ्याचं नाव धाकू. त्याची स्वतःची होडी होती. मासे धरायचे, बाजारात द्यायचे, हा त्याचा धंदा. सासर चांगलं होतं, बरं का. धाकू शब्दानेही दुखवायचा नाही. सासू तोंडाची फटकळ, पण माशाचा मधला तुकडा सुनेच्या पानात वाढणारी. आणि धाकटी नणंद आवडी, ती तर वैनीच्या पदराला कायमची चिकटलेली. असेल तुमच्याएवढीच. खडकावरून पाण्यात उडी घ्यायची आणि पार तिकडे लांब डोकं वर काढायची. तोवर तुळसा किनाऱ्यावर पदराचं टोक चावत उभी.

त्या गावाची एक रीत होती. होडीने सकाळभर गेलं की समुद्रात, पाण्याखाली, पोवळ्याची बाग लागायची. झाडांसारखी फांद्या फुटलेली लाल, पिवळी, जांभळी पोवळी. माघातल्या अमावास्येला ओहोटी इतकी लांब जायची, की बागेवर जेमतेम दोन पुरुष पाणी उरायचं आणि तळ लख्ख दिसायचा. नवी सून आली की त्या दिवशी तिला तिथे न्यायची. तिने होडीतून वाकून बाग बघायची, समुद्राला नारळ द्यायचा आणि भरती लागायच्या आत तिथून निघायचं. बागेतलं मात्र काही तोडायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही.

हे ऐकलं आणि तुळसाची झोपच उडाली. डोळा लागला की विहीर दिसायची.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "मी काठावरूनच नारळ दिला तर?"

"काठावरून बागेचं तोंड दिसतं का?" सासू म्हणाली. "होडीत बसायचंय तुला, पोहायचं नाही. घाबरू नको गो. आम्ही आहोत ना."

मग तो दिवस उजाडला. चौघं होडीत बसली. धाकू वल्ह्यावर, सासू नारळ घेऊन पुढे, आवडी काठावर पाय सोडून. आणि तुळसा मधोमध, डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारून. पहिली लाट आली, तिने डोळे मिटले. दुसरी आली, तिने कुलदेवीचं नाव घेतलं. तिसरी आली तेव्हा देवीचं नावही आठवेना.

मग होडी थांबली. धाकूने बागेच्या बाजूला वाळूत नांगर टाकला. वारा पडला होता. पाणी असं निवळ होतं, जणू नव्हतंच.

"वैनी, बघ ना," आवडी म्हणाली. "लाल आहे, जांभळं आहे."

"बघते हं," तुळसा म्हणाली, पण डोळे काही उघडले नाहीत.

"वैनी, इकडे पंख्यासारखं पोवळं आहे. बघ की."

"बघते. जरा थांब."

"वैनी, एकदाच बघ."

तुळसा नुसती मान हलवत राहिली. मग आवडी म्हणाली, "बरं, तू बस. मी तुला वरच आणून दाखवते."

तुळसाला वाटलं, आणेल एखादा शिंपला. डुबुक असा आवाज झाला. मग सगळं शांत झालं.

पोर आता वर येईल, मग येईल. तुळसाने वाट पाहिली. तिचा स्वतःचा श्वास संपला, पुन्हा घेतला, पुन्हा संपला. सासूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तेव्हा कुठे तुळसाने डोळे उघडले. सासू होडीची कड धरून खाली बघत होती आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मग धाकूने उडी घेतली. गावातला सगळ्यात पट्टीचा पोहणारा तो. पण काय झालं, पाण्याने त्याला भोपळ्यासारखं वर फेकलं. त्याने दुसऱ्यांदा बुडी मारली. पुन्हा वर. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला, तर पाण्याने त्याला उचलून होडीच्या फळीवरच आपटलं. मग सासूने पदर खोचला आणि तीही उतरली. तिलाही पाण्याने आत घेतलं नाही.

"जेवढे हात मारावे तेवढं पाणी वर ढकलतंय," धाकू म्हणाला. त्याला धाप लागली होती आणि तो रडत होता.

तेवढ्यात होडीजवळ एक म्हातारी कासवीण वर आली. पाठीवर शेवाळ, डोळ्यांभोवती सुरकुत्या. ती म्हणाली, "तुमच्या पोरीने फांदी तोडली. बागेने तुटल्या जागी पोरीलाच लावून घेतलंय. भरती भरेपर्यंत ती तुमची, मग ती बागेची."

"मला घ्या तिच्याऐवजी," सासू म्हणाली.

"तुला पोहता येतं," कासवीण म्हणाली. "बाग रागावलीय. पोहणाऱ्याला पाणी आज आत घेणार नाही. पोहता न येणारं आहे का तुमच्यात कुणी?"

पण बरं का, कुणी तुळसाकडे बघितलं नाही. धाकूने मान वळवली, सासू नारळाकडे बघत बसली. 'तू जा' असं कुणाच्याच तोंडून आलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर तुळसा डोलकाठीला आणखी घट्ट चिकटली असती. पण त्यांनी बघितलं नाही, म्हणून ती बोलली.

"मला येत नाही पोहायला."

"नको," धाकू म्हणाला. "एक गेली, आता तुलाही घालवू?"

"ती मला दाखवायला म्हणून गेली," तुळसा म्हणाली.

मग ती सरकत सरकत काठाशी आली. पाय पाण्यात सोडले. पण पुढे काही होईना. तिची बोटं कडेला अशी रुतली की तिला स्वतःलाच ती सोडवेनात.

"उडी मला जमायची नाही," ती धाकूला म्हणाली. "तुम्ही माझी बोटं सोडवा."

मग धाकूने आधी तिची करंगळी, मग एक एक बोट उचललं. शेवटचं बोट सुटलं आणि तुळसा वरवंट्यासारखी खाली गेली.

पाण्याने तिला हुसकावलं नाही. हुसकावणार कसं? ती हातही मारत नव्हती की पायही. नाकातोंडात पाणी शिरणार, तोच कासवीण जवळ आली आणि तिने तुळसाच्या कपाळावर फुंकर घातली. त्या फुंकरीचा एक मोठा बुडबुडा झाला आणि उपड्या घागरीसारखा तुळसाच्या डोक्यावर बसला.

"एवढाच वारा आहे," कासवीण म्हणाली. "भ्यालीस की भरभर सरेल."

आता मला सांगा, भिऊ नको म्हटलं की माणूस भ्यायचा थांबतो का? पण तुळसा श्वास हळू घेत होती, गरम पेज फुंकून फुंकून प्यावी तसा.

पायाला वाळू लागली. तिने वर बघितलं. होडी तरंगत्या शेंगेसारखी दिसत होती. मग तिने समोर बघितलं. सांबराच्या शिंगांसारखी पोवळी. मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी, सुरकुत्या पडलेली पोवळी. सुपाएवढा जांभळा पंखा, संथ हलणारा. लोंबत्या गोंड्यांमध्ये लपलेले नारिंगी मासे. एक हिरवा मासा पोपटासारख्या चोचीने दगड कुरतडत होता, त्याचा कुरुम कुरुम आवाज येत होता. आणि या सगळ्याच्या मधे आवडी उभी.

डोळे मिटलेले. केस पाण्यात वर उभे राहिलेले. पायांवरून गुलाबी पोवळं चढत चढत ढोपरापर्यंत आलेलं. आणि मुठीत ती लाल फांदी.

तुळसाने तिला ओढलं. पोर हलेना. हाका मारल्या. पोर बोलेना.

"ओढून नाही निघायची," कासवीण म्हणाली. "फांदी जिथली तिथे धर. बागेला ती ओळखू आली की चिकटेल. मग पोर सुटेल. पण हात हलवू नको."

"किती वेळ धरू?"

"बागेला घाई नसते," कासवीण म्हणाली आणि ती निघून गेली.

मग तुळसाने आवडीच्या मुठीतून फांदी काढली. बुंध्यावरची पांढरी जखम शोधली. गुडघे टेकले, दोन्ही हातांनी फांदी त्यावर धरली आणि दगडासारखी बसून राहिली.

आधी आली वाम. बिळातून निघालेली, सापासारखी लांबलचक, मांडीएवढी जाड. तोंड उघडत होती, मिटत होती आणि आत सुयांसारखे दात. ती तुळसाच्या हातांवरून सरपटत गेली. थंडगार, बुळबुळीत. तुळसाचा श्वास भरभर चालू लागला. बुडबुडा खांद्यांपर्यंत होता तो गळ्यापर्यंत आला. पण हात हलले नाहीत.

मग आला एक छत्रीसारखा जीव. काचेसारखा आरपार दिसणारा, खाली दोरे लोंबत असलेला. त्यातला एक दोरा तुळसाच्या मनगटाला लागला. तापल्या तव्याला हात लागावा तसं झालं. आणि हात हलला, बाळांनो. हललाच. फांदी निसटली. जी काय थोडी चिकटली होती तीही सुटली. इकडे आवडीच्या कमरेपर्यंत पोवळं चढलं.

तुळसा रडली. पण रडण्यातही वारा जातो. बुडबुडा हनुवटीवर आला. मग तिने रडणं गिळलं, फांदी उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून धरली. मनगट भाजत होतं, तरी धरली.

आणि मग तिसरी आली भरती. वरचा उजेड मंदावला. पाणी गार झालं आणि ओढू लागलं. पायाखालची वाळू सरकू लागली. अगदी विहिरीतल्यासारखा अंधार झाला. तुळसाला वाटलं, सोडावं, पळावं. पण पळणार कुठे? पोहता कुठे येत होतं? पोवळं आवडीच्या छातीपर्यंत आलं होतं आणि बुडबुडा तुळसाच्या ओठाला टेकला होता. फार तर दोन घोट वारा.

मग तिने तो वारा जपला नाही. तोंड उघडून ती बोलली.

"बघितली गं, आवडे. मी बघितली बाग. तो पंखा जांभळा आहे. मासे गोंड्यात लपतायत. तू म्हणालीस तशीच आहे."

ती बोलत राहिली. किती बोलली तिलाच कळलं नाही. आणि तिच्या बोटांखाली काहीतरी हुळहुळलं. लाल फांदीवर तांदळाच्या कण्यांएवढी पांढरी फुलं उमलत होती. एक, मग दहा, मग सगळीकडे. तुळसाने भीत भीत एक हात काढला. फांदी जागची हलली नाही. दुसरा हात काढला. फांदी उभी ती उभीच.

मग शेंगेतून दाणे सुटावेत तसं पोवळं आवडीच्या अंगावरून सुटत गेलं. आधी छाती, मग कंबर, मग पाय. आवडीने डोळे उघडले. बघते तर काय, पाण्याखाली वैनी.

आणि त्याच क्षणी बुडबुडा फुटला.

तुळसाच्या नाकातोंडात पाणी गेलं. हातपाय गारठले. पण आवडी होती ना. तिने वैनीच्या वेणीचा एक वेढा मनगटाला घेतला, वाळूवर पाय आपटले आणि सुटली वर. पाण्याने आता कुणाला अडवलं नाही. अर्ध्या वाटेत धाकू आला. त्याने एका हातात बायको धरली, दुसऱ्या हातात बहीण.

होडीत घेतल्यावर तुळसाच्या पोटातलं खारं पाणी निघालं. ती खोकली, पुन्हा खोकली, मग रडली. सासूने आवडीला एक धपाटा घातला आणि लगेच पोटाशी धरली. मग सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या ओल्या पदराने पुसत राहिली. तो पदर पुसण्याच्या कामाचा नव्हता, पण तिला ते सुचलंच नाही.

"नारळ राहिला," तुळसा म्हणाली.

मग चौघांनी मिळून नारळ दिला. कासवीण दिसली नाही, पण नारळ गेला तिथलं पाणी थोडं हललं.

परत येताना लाटा मोठ्या होत्या. तुळसाने डोलकाठीला मिठी मारली. डोळे मिटले का? मिटले. भीती काय एका दिवसात जाते होय? पण या वेळी आवडीने मागून तिला मिठी मारली होती.

पोहायला ती कधीच शिकली नाही. मनगटावर डागाची लाल रेघ राहिली, तेवढीच. दर माघात मात्र ती होडीतून जायची, एका हाताने धाकूचा दंड पकडायची आणि खाली वाकून बाग बघायची. ती लाल फांदी केवढी वाढली ते आवडी दाखवायची आणि ती बघायची.

त्या दिवशी घरी पोचल्यावर सगळ्यांनी गरम पेज प्यायली आणि सगळी एकाच कांबळ्यात शिरून झोपली. पुढे ती सुखात राहिली. लेकरंबाळं झाली, होडी नवी झाली, आणि आवडीने परत कधी काही तोडलं नाही.

झाली गोष्ट. आता पाय गोधडीत घ्या, एकमेकांना ढकलू नका. डोळे मिटा बघू. मी आहे इथेच.