भाताच्या बुडाशी

एका गावात एक शेतकरी होता आणि त्याला एकच व्यसन होतं. तंबाखूचं नव्हे, कौतुकाचं. त्याचं भाताचं खाचर रस्त्याला लागून होतं. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "काय हिरवंगार भात आहे हो तुमचं," की हा बांधावर उभ्या उभ्या फुलायचा आणि दुसऱ्या दिवशी शेतात आणखी पाटीभर युरिया फेकायचा. कौतुक वाढलं तसा युरिया वाढला आणि भात हिरव्याचं काळपट हिरवं झालं. लावणीही त्याने अशी दाट केली होती की रोपांच्या दोन चुडांमधून मांजर जाऊ नये.

खाचर तसं लहानसंच, पण त्यातल्या तांदळावर त्याचं घर वर्षभर जेवायचं. भात पिकवणाऱ्याने दुकानातून तांदूळ आणायचा म्हणजे त्या गावात मान खाली घालायची वेळ.

त्या वर्षी गावात शेतीशाळा सुरू झाली. दर आठवड्याला एक कृषीताई यायच्या, देवळाच्या मांडवात चार गोष्टी सांगायच्या आणि मग सगळ्यांना चिखलात उतरवून, रोपं हाताने बाजूला करून बुडाशी काय चाललंय ते बघायला लावायच्या. शेतकऱ्याच्या बायकोने एकही दिवस चुकवला नाही. शेतकरी मात्र फिरकला नाही. "माझ्या शेताचं कौतुक अख्खा गाव करतो. मी काय आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू?"

एका संध्याकाळी बायको शेतातून आली ती काळजीत. "अहो, आपल्या भाताला तुडतुडे लागलेत. पानांवर दिसत नाहीत, पाण्याच्या जरा वर, बुडाशी बसून रस पितात. ताई म्हणतात, भात फार हिरवं आणि दाट झालं की त्यांना आयतं घर मिळतं. खाचरातलं पाणी बाहेर सोडून द्या म्हणजे बूड सुकेल."

"शाळेत जायला लागल्यापासून तुला जिथे तिथे किडेच दिसतात," शेतकरी म्हणाला.

"मग एकदा वाकून तुम्हीच बघा."

"रस्त्यावरून लोक बघतात. त्यांना वाटेल, याच्या भाताला काहीतरी झालं."

झालं होतंच. काही दिवसांनी शेताच्या मधोमध सुपाएवढा गोल डाग करपून गेला. शेतकऱ्याने ठरवलं की दृष्ट लागली, आणि काठीला जुनी चप्पल टांगली. डाग बाजल्याएवढा झाला, त्याने दुसरी चप्पल टांगली. घरात घालायला चप्पल उरली नाही, पण डाग काही थांबेना. आता मात्र त्याला रात्री जेवण गोड लागेना. लोंब्या अजून भरायच्या होत्या.

बायकोने ओळखलं, या माणसाला सांगून उपयोग नाही. सकाळी ती शेतातून ओरडत आली, "अहो, माझं जोडवं पडलं भातात. त्या डागाच्या कडेलाच. माझ्या आईने दिलेलं हो."

सासूबाईंनी दिलेलं जोडवं म्हटल्यावर शेतकरी धावला. चिखलात उतरला, कंबरेत वाकला, चूड बाजूला करून चाचपू लागला. जोडवं राहिलं बाजूला, रोपांच्या बुडाशी तपकिरी किडे असे खेटून बसले होते, जसे कुणी तीळ सांडावेत. दुसरा चूड बघितला, तिथे तेच. तिसऱ्यातही तेच. तो सावकाश सरळ झाला. तोंडाचं पाणी पळालं होतं.

"सापडलं का?" बायकोने बांधावरून विचारलं आणि दोन्ही पाय पुढे केले. दोन्ही जोडवी जागच्या जागी होती.

शेतकऱ्याला राग यायला हवा होता, पण हसू आलं. हसता हसता त्याने पाणी सोडायला फावडं उचललं.

एवढ्यात रस्त्यावर माणसं जमली. त्या गावात उभ्या पिकाचं पाणी कुणी कधी सोडलेलं नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "लोंब्या भरायच्या वेळी भाताचं पाणी सोडतोस? लक्ष्मी घराबाहेर काढतोस का रे?" दुसरा म्हणाला, "एवढं सोन्यासारखं भात, याला झालंय काय?"

रोज कौतुक करणारी तीच तोंडं. शेतकऱ्याचं फावडं अधांतरी थांबलं. लाज तर फार वाटत होती. त्याने बायकोकडे बघितलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या भाताला कीड लागली आहे. मीच वेळेवर बघितलं नाही." आणि त्याने बांध फोडला. पाणी खळाळत ओढ्याकडे निघालं.

मग नवरा-बायकोने दाट रोपं दोन्ही बाजूंना सारून शेतात वाटा पाडल्या, वारं आणि ऊन बुडापर्यंत पोचलं. कृषीताईंनी येऊन बघितलं, औषध दिलं आणि तेही पानांवर नाही, बुडाशी मारायला सांगितलं. करपलेला डाग काही परत हिरवा झाला नाही. पण पुढेही सरकला नाही.

पिवळ्याधमक लोंब्या कापून आणल्या तेव्हा भात नेहमीपेक्षा थोडं कमीच भरलं, पण वर्षभर पुरेल इतकं होतं. दुकानाची पायरी चढावी लागली नाही. नव्या तांदळाचा भात शिजला, घरभर वास सुटला, आणि शेतकऱ्याने स्वतः वाढलेलं पहिलं ताट बायकोपुढे ठेवलं. "जेवा गुरुजी," तो म्हणाला. ती इतकी हसली की घास हातातच राहिला.

तात्पर्य: पीक राखायचं तर चिखलात उतरून बुडाशी बघावं, आणि दुखणं दिसलं की लोक काय म्हणतील याचा विचार न करता तिथल्या तिथे उपाय करावा.