दुर्गव्वाची अर्धी भाकरी

फार वर्षांपूर्वी, माळखडी गावावर पाऊस रुसला होता, तेव्हाची ही गोष्ट. गावानं माळावर नवी विहीर खणायला घेतली. त्या कामावर दुर्गव्वा वडारीण आली. तिचा नवरा तिमाप्पा वर रहाटावरचा दोर धरायचा आणि ती तोच दोर कमरेला बांधून खाली उतरायची, पहारीनं खडक फोडायची. तिच्या पहारीचा आवाज ऐकूनच खडकाला घाम फुटायचा, असं म्हणतात. कामावर देखरेखीला होता रंगनाथ मुकादम. तालुक्याच्या शाळेत सातवी शिकलेला, आणि ती सातवी फेट्यासारखी डोक्यावर मिरवत हिंडणारा.

विहीर खणणाऱ्यांची एक रीत होती. खाली उतरणाऱ्यानं आणि वर दोर धरणाऱ्यानं कामाआधी एकच भाकरी मोडून खायची, अर्धी त्यानं, अर्धी ह्यानं. ज्याच्याबरोबर घास खाल्ला त्याचा जीव हातून सुटत नाही, एवढंच त्या रीतीचं म्हणणं.

एक दिवस दगड निसटला आणि तिमाप्पाचा हात मोडला. आता दोर कोणी धरायचा? गावात धट्टेकट्टे गडी काय कमी होते? पण पंच म्हणाले, जोखमीचं काम आहे, शिकलेल्याच्या हाती द्या. जसा काही दोर वाचायचाच होता!

सकाळी दुर्गव्वानं भाकरी मोडली आणि अर्धी रंगनाथापुढे धरली. त्यानं हात मागे घेतले.

"अंगठाबहाद्दरांच्या पंगतीला मी बसत नाही. गुमान खाली उतर. पहार मारायला काय अक्कल लागते?"

दुर्गव्वानं कितीतरी गावांना पाणी पाजलं होतं, आणि तेच पाणी पीत लोकांनी तिला अडाणी म्हणून हिणवलं होतं. ते सगळं तिनं गिळलं होतं. पण आज तिचा जीव ह्या माणसाच्या मुठीत जाणार होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कमरेचा दोर सोडला आणि काठावर बसली.

गाव गोळा झालं. पाटील ओरडले, "गाव तहानेनं मरतंय, आणि तुला भाकरीचं पडलंय?"

"भाकरीचं न्हाई पाटील, दोराचं पडलंय. ज्याला माज्या हातची भाकर चालत न्हाई, त्याच्या हातातला दोर मला कसा चालंल?"

रिकामे हंडे घेऊन आलेल्या बायांनी बोटं मोडली. माजली आहे, म्हणाल्या. रंगनाथाला मात्र, अरे बाबा, एक घास खा की, असं कोणी म्हणालं नाही. एकानंही नाही!

मग दुर्गव्वा उठली. "मुकादम म्हनत्यात, पहार मारायला अक्कल लागत न्हाई. मग त्यांनीच उतरावं. वरनं दोर मी धरते."

सगळे रंगनाथाकडे बघायला लागले. आता माघार कशी घेणार? त्यानं कमरेला दोर बांधला, ऐटीत काठावर आला आणि खाली वाकला. खाली नुसता काळोख. मग त्यानं दोर बघितला. दोराचं दुसरं टोक दुर्गव्वाच्या हातात होतं. त्यानं काठावरचं पाऊल मागे घेतलं.

"दुर्गव्वा," तो हळूच म्हणाला, "ती भाकरी उरलीय का गं?"

ती हसली नाही. तिनं अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. तो एकेक घास चावत राहिला आणि तिनं त्याला पुरता वेळ दिला.

रंगनाथ खाली उतरला, आणि त्यानं घातलेल्या पहिल्याच घावाला खडक दुभंगला. पाणी गर्जत वर आलं. दोराला असा हिसका बसला की रहाटाचा खांब काडीसारखा मोडला. पंच पळाले, पाटील पळाले. दुर्गव्वा एकटी दोर धरून उभी राहिली. तिच्या टाचा काळ्या खडकात घोट्यापर्यंत रुतल्या, पण दोर सुटला नाही. तिनं रंगनाथाला जिवंत काठावर ओढून घेतलं. ती पावलं आजही तिथं आहेत, आणि त्यांतलं पाणी भर उन्हाळ्यात आटत नाही, असं म्हणतात.

पंचांनी काठावर दगड बसवला आणि त्यावर कोरलं, 'ही विहीर रंगनाथ मुकादम यांनी सिद्धीस नेली.' रंगनाथ गप्प बसला. कुठं गप्प बसायचं, हे शिकलेल्याला बरोबर कळतं. दुर्गव्वानं दगडावर काय लिहिलंय ते पंचांचं बोलणं ऐकलेल्या एका म्हातारीला विचारलं, उत्तर ऐकलं, दगडावर थुंकली आणि तिमाप्पाला घेऊन चालती झाली. ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

तो दगड अजून आहे. लोक त्यावर चपला काढून ठेवतात. आणि उन्हाळ्याआधी विहिरीचा गाळ काढायचा असला, की गावात जो सगळ्यात जास्त शिकलेला असेल, त्यानंच दोर धरायचा आणि खाली उतरणाऱ्यापुढे आधी आपण हात पसरून अर्धी भाकरी मागायची. दुर्गव्वाच्या नावानं ही रीत चालू आहे.

गेल्या खेपेला शहरातून इंजिनियरसाहेब आले होते. भाकरी मागायची म्हटल्यावर म्हणाले, "नको, माझा डबा आहे." उतरणाऱ्या गड्यानं कमरेचा दोर सोडला आणि दुर्गव्वाच्या पावलांशेजारी जाऊन बसला.

हंडे घेऊन आलेल्या बाया उन्हात उभ्या होत्या. ह्या वेळी त्या साहेबांकडे बघत होत्या.