हवेचा पीळ

“तीन कपाटं भरली, मग मन भरत कसं नाही, बाबा?”

भार्गवराव दिघ्यांनी टेकडी चढून मठीत आल्या आल्या, धापा टाकतच विचारलं. त्यांच्या घरी मद्य प्यायच्या जुन्या इंग्लिश ग्लासांनी तीन कपाटं भरली होती. स्वतः ते ताकाच्या पुढे कधी गेले नव्हते.

“आधी पाणी,” शिदूबाबा म्हणाले.

मठीचा रिवाजच तसा होता. पाहुणा पाणी प्यायल्याशिवाय बाबा उत्तर देत नसत. त्यांचा शिष्य रावजी मठीतला एकुलता एक, उंच दांड्याचा काचेचा ग्लास भरून घेऊन आला. कधीकाळी कुणा साहेबाच्या बंगल्यातून आलेला.

भार्गवरावांनी तो हातात घेतला आणि ओरडलेच.

“पीळ! बाबा, हवेचा पीळ!”

“कुठं?”

“हा काय, दांड्यात! काच गरम असताना आत बुडबुडा धरून पिळलाय. अडीचशे वर्षांपूर्वी! आता बुडाला खडबडीत व्रण हवा, कारागिराच्या सळईवरून तोडल्याचा… असला तर अस्सल!”

आणि व्रण बघायला त्यांनी ग्लास उलटा केला.

सगळं पाणी त्यांच्याच विजारीवर सांडलं. त्यांना पत्ता नव्हता.

“आहे! व्रण आहे! बाबा, हा मला द्या. आयुष्यभर हाच शोधत होतो.”

“न्या.”

“खरंच?”

“न्या की.”

रावजीने कपाळाला हात लावला.

भार्गवराव ग्लास दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. चेहऱ्यावर पहिला नातू झाल्याचा आनंद. मग घशाला कोरड पडल्याचं ध्यानात आलं.

“जरा पाणी मिळेल का?”

रावजी कळशी घेऊन आला. “करा ग्लास पुढं.”

“यात? यातून प्यायचं नसतं हो! बघायचं असतं.”

“मग ओंजळ करा.”

“आणि हा?”

“ठेवा खाली.”

“दगडावर?”

“बरं, माझ्याकडं द्या.”

भार्गवरावांनी रावजीच्या हातांकडे पाहिलं. भांडी घासल्याची राख अजून बोटांवर होती. त्यांनी ग्लास आणखी घट्ट धरला.

मग ते बाबांकडे वळले.

“आणि माझा प्रश्न, बाबा?”

बाबांनी कळशीवर झाकण ठेवलं.

“पाणी इथंच आहे. हात मोकळे झाले की या.”