न नांगरलेल्या काठाचे धान्य

पूर्वी वेत्रा नावाच्या नदीकाठी राजा जनसंध राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य म्हणून जन्मला होता. त्याला एक खोड होती. दिसेल त्याला तो विचारायचा, "असं का बरं?"

नदी दर पावसाळ्यात काठ खात असे, कारण शेतकरी पार पाण्यापर्यंत नांगर घालत. अमात्याने राजाला उपाय सुचवला, आणि दवंडी पिटली गेली: जो काठावरचा नांगर थांबवून तिथे गवत वाढू देईल, त्याला राजकोठारातून धान्य मिळेल. लोक खूश झाले. अमात्य तर फारच खूश!

एके सकाळी तो काठाकाठाने निघाला. सोमा नावाच्या म्हातारीच्या शेताशी येऊन थबकला. कमरेएवढ्या दाट वाळ्याच्या गवतात तिने बैल जुंपले होते, आणि ती डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"आजी, एवढं जपलेलं गवत मोडायचं? असं का बरं?"

"मोडल्याशिवाय सोडू कसं, बाबा? नांगर थांबवेल त्याला धान्य. मी तो कधी घातलाच नाही. कोठारवाले म्हणाले, तू काय थांबवलंस? घरात बियाणं नाही. आज नांगरते, उद्या थांबवते."

अमात्याला आधी हसू आले. मग खालच्या वस्तीकडे त्याची नजर गेली आणि हसू मावळले. हा वाळा उपटला, तर पहिल्याच पुरात ती घरे जाणार होती.

"बैल सोडा. बियाणं मी देतो."

"भीक नको. माझ्या गवताचं असेल तर द्या."

"मग संध्याकाळपर्यंत थांबाल?"

"थांबते. पण दिवस मावळला की नांगर चालणार, सांगून ठेवते."

अमात्य तडक दरबारात गेला. ऐकून कोठारप्रमुख खो खो हसला. "न केलेल्या कामाचं धान्य? अहो, मीही आजवर राजवाडा जाळलेला नाही. मला काय देता?"

सारा दरबार हसला. अमात्यही हसला. मग म्हणाला, "वाड्याच्या राखणदारांना आपण धान्य देतोच की. ते तरी काय करतात? चोरी होऊ देत नाहीत, एवढंच."

राजा विचारात पडला. "मग नियमाचे शब्द असे ठरवले कुणी?"

"मीच, महाराज. माझंही शेत काठावर आहे. मी तो वर्षानुवर्षं फोडला, मग थांबलो, म्हणून सगळ्यांत मोठा वाटा मला मिळाला. तो सोमाआजीच्या गवताला द्या. आणि पुढे राखणाऱ्याला आधी, थांबवणाऱ्याला नंतर."

राजाने मान्य केले. दिवस मावळायच्या आत धान्याची गाडी शेतावर पोहोचली. म्हातारीने बैल सोडले, आणि त्या पावसाळ्यात खालच्या वस्तीतले एकही घर वाहून गेले नाही.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, समोर बसलेल्या भिक्षूंकडे पाहिले. "राग सोडला म्हणून तुम्ही काल सुयामाचा केवढा गौरव केलात! उत्तिय कधी रागावलाच नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. आज सकाळी तो मुद्दाम भांडला. असं का बरं, हे कुणी विचारलं का?"

भिक्षूंनी माना खाली घातल्या. कोपऱ्यात उत्तिय रडत होता.

"तेव्हाचा कोठारप्रमुख तो सुयाम, म्हातारी हा उत्तिय, आणि अमात्य मी स्वतः. 'असं का बरं' हे विचारणं, यालाच प्रज्ञा म्हणतात, भिक्षूंनो." मग शास्त्यांनी उत्तियाला जवळ बोलावून आपल्या शेजारी बसवले.